आडोसा मिटेपर्यंत

१

मला रागीट म्हटलेलं चालतं. विसरभोळी म्हटलेलं चालत नाही. ती खोली मी काढलेली नाही, तिच्याबद्दल एक शब्द मी उच्चारलेला नाही, आणि हे घसा फोडून सांगितलं तरी माझ्याच टेबलावर बसलेली, माझाच चहा पिणारी माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. डोक्यात जातं अगदी.

आधी खेळ काय असतो ते सांगते, म्हणजे नंतर कुणी मध्ये तोंड घालायला नको.

दर रविवारी जेवणं उरकली की आमच्या हॉलमधलं टेबल मोकळं होतं. खेळ जुन्या पद्धतीचा. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. मी एक भुयार रचलेलं असतं आणि त्याचा नकाशा फक्त माझ्याकडे असतो. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा घड्यांचा आडोसा उभा असतो, त्यामागे तो नकाशा आणि फासे. समोर बसलेले लोक म्हणजे भुयारात शिरलेले चोर, लढवय्ये, मांत्रिक. त्यांना डोळे नाहीत, माझं तोंड हेच त्यांचे डोळे. मी सांगते, बोळ उत्तरेला जातो, पुढे डावीकडे दार. त्यांच्यातला एक जण ते ऐकून ऐकून स्वतःचा नकाशा काढत जातो. मग मी विचारते, काय करता? ते सांगतात, मी फासा टाकते. मशाल विझली तर विझली. खड्ड्यात पडून पात्र मेलं तर मेलं, कागद फाडायचा आणि नवीन पात्र घ्यायचं. हल्ली कुठे कुठे खेळणाऱ्यांना सांभाळून घेतात म्हणे. माझ्याकडे ते लाड नाहीत.

नोकरीत मी नकाशेच काढते, इमारतींचे. त्यामुळे माझ्या भुयारात उगाच असलेली एकही खोली सापडणार नाही. पाणी कुठून येतं, धूर कुठून जातो, पहारेकरी लघवीला कुठे जातात, सगळं ठरलेलं. आणि एक नियम मी ऑफिसातूनच उचललाय. ऑफिसात नकाशा एकदा साइटवर गेला, की त्यातली चूकसुद्धा गवंडी इमानेइतबारे बांधून काढतो. तसंच माझ्या टेबलावर. खेळणाऱ्यांनी काढलेल्या नकाशात चूक असेल तर मी आडोसा मिटायच्या आत दाखवायची. आडोसा मिटला, की त्यांचा नकाशा खरा आणि माझा खोटा. मग ती भिंत, तो जिना, ते दार, जे काही त्यांनी काढलं असेल ते भुयारात आहे.

नियम माझाच. मला त्याचा फार अभिमान होता.

२

हा सगळा खटाटोप मी धाकट्यासाठी करते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पस्तिशीचा घोडा झालाय, पण घरात धाकटा तो धाकटाच.

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. एकदा त्याच्या मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याला असं काही झापलं, की हा पाना खाली ठेवून जो माझ्या घरी आला तो आलाच. माझ्या मागच्या छोट्या खोलीत राहायला लागला आणि मग त्या खोलीबाहेर पडेनासा झाला. त्या मॅनेजरचं मी काय करणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्या ऑफिसात जाऊन आलेय, एवढंच सांगते. अजून तिथला वॉचमन मला ओळखतो.

धाकट्याला चढा आवाज सोसत नाही. आणि माझा आवाज जन्मापासून चढाच आहे, त्याला मी काय करू? सकाळी निघताना त्याच्या दारावर थाप मारते, आज काय करणार आहेस? आतून उत्तर, बघतो. संध्याकाळी पुन्हा थाप, काय केलंस? काही नाही. तळपायाची आग मस्तकात जाते. कुणाची जाणार नाही, सांगा ना.

रविवारी मात्र तो दाढी करून बाहेर येतो. लहानपणी मी त्याला हाच खेळ शिकवला होता, पलंगावर चादरीची गुहा करून. त्याचं पात्र एक किडमिडीत चोर आहे, काडी नावाचा. काडी कुठलंच दार ऐकल्याशिवाय उघडत नाही. 'मी दाराला कान लावतो,' असं धाकटा म्हणतो, मी आडोशामागे फासा टाकते, आणि दान चांगलं पडलं तर पलीकडे काय चाललंय ते त्याला सांगते. तेवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव येतो. डॉक्टर आणि बाईसुद्धा मी त्याच्यासाठीच गोळा केलेत. हा खेळ बंद पडला तर तो पुन्हा कशासाठीही बाहेर येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

३

डॉक्टर म्हणजे समोरच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. हात स्थिर, म्हणून नकाशा ते काढतात. बाई वरच्या मजल्यावर राहतात, आयुष्यभर गणित शिकवलं आणि आता निवृत्त झाल्यात. शिकवायची खोड काही गेलेली नाही.

ती खोली निघायच्या आदल्या रविवारी बाईंनीच भांडणाला सुरुवात केली. त्यांचा मांत्रिक मेला. सरळ सरळ मेला, विषारी सुई, दान वाईट पडलं, संपलं. तर म्हणे, अगं, एवढ्या वेळा सलग एकच दान पडण्याची शक्यता किती, माहीत आहे का तुला? म्हणजे मी फसवते. माझ्या घरात बसून. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पटत नसेल तर खेळू नका, आणि फाटकन आडोसा मिटला. डॉक्टरांचा नकाशा तपासायचा राहिला. मी तरी काय काय बघू?

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी नकाशा पसरला आणि पहारेकऱ्यांच्या खोलीपाशी माझी नजर अडकली. पश्चिमेच्या भिंतीला एक दार होतं. दारापलीकडे एक खोली, छोटी, जरा तिरकी. माझ्या नकाशात तिथे भरीव दगड आहे. दुसरं काही असूच शकत नाही, कारण त्याच्या मागून विहिरीचा पाट जातो.

मी म्हटलं, हे काय? डॉक्टर म्हणाले, खोली. मी म्हटलं, ते मला दिसतंय, कुठून आली? तर तिघंही माझ्याकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, तूच तर सांगितलंस. बुटकं छत, भिंतीलगत बाकडं, आत ऊब आहे, आणि भिंतीकडे तोंड करून कुणीतरी बसलंय. धाकटा मान हलवत होता. तो मनापासून मान हलवत होता, आणि मला तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, चेष्टा पुरे. पण नियम म्हणजे नियम, आडोसा मिटला होता. असू दे तुमची खोली, मी म्हटलं, पण ती रिकामी आहे, पुढे चला. धाकटा हळूच म्हणाला, रिकामी नाहीये.

४

चेष्टा असेल तर तिचा सूत्रधार डॉक्टर, कारण पेन्सिल त्यांच्या हातात. म्हणून मी ऑफिसातून येताना त्यांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. थांबायला सांगितलं, पण मी काही थांबणाऱ्यातली नाही.

मी तिथेच विचारलं, माझ्या भावाला हाताशी धरून हा काय पोरकटपणा चाललाय तुमचा? त्याची तब्येत कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ना? डॉक्टरांनी मशीन बंद केलं. खुर्चीतल्या गृहस्थांचे डोळे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे.

डॉक्टर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओशाळले. म्हणाले, त्यांना माझ्या वर्णनाचं कौतुकच वाटलं होतं, सांगायचं राहून गेलं. एरवी मी भुयार सांगते ते कसं, हुकूम सोडल्यासारखं. ती खोली मात्र मी अगदी हळू सांगितली. घाई नाही, खेकसणं नाही. त्यांनी मास्क खाली ओढला.

'खरं सांगू का, मॅडम? तुम्ही असं बोलू शकता हे मला माहीतच नव्हतं. दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकतो मी. त्या दिवशी घरी जाऊन शांत झोप लागली.'

मी त्या गृहस्थांना तोंड मिटा म्हणाले आणि निघाले. रस्ताभर मी विचार केला. माझा घसा बसला होता का? नव्हता. मला भोवळबिवळ आली होती का? मी आयुष्यात कधी भोवळ येऊन पडलेली नाही. राहता राहिलं एकच, तिघं मिळून मला बनवताहेत. त्यावर उपाय सोपा होता.

५

त्या रविवारी मी मोबाइल आडोशामागे ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. कुणाला सांगितलं नाही.

मंडळी परतीच्या वाटेवर होती, आणि पहारेकऱ्यांच्या खोलीतून गेल्याशिवाय बाहेरचा जिना नाही. तशी रचना मीच केलेली. धाकटा खुर्चीत पुढे सरकला. 'काडी त्या दाराला कान लावतो,' तो म्हणाला. कुठल्या दाराला ते विचारायची गरज नव्हती. मी फासा टाकला. दान वाईट. 'काही ऐकू येत नाही,' मी म्हटलं, चांगलं ठणकावून, आणि मशाल किती जळली त्याची खूण करायला मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा डॉक्टरांची पेन्सिल चालत होती. त्या खोलीत ते बाकडं काढत होते. बाई गालाला हात लावून बसल्या होत्या. मी विचारलं, हे काय काढताय? ते म्हणाले, आत्ता तुम्ही सांगितलंत ते.

मी दातओठ खाऊन गप्प बसले. म्हटलं, पुरावा हातात येऊ दे, मग एकेकाची हजेरी घेते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात नकाशे छापायच्या प्लॉटरच्या खोलीत दार लावून ऐकलं. माझा आवाज आला, काही ऐकू येत नाही. त्यानंतर पंख्याची घरघर. बाकी काही नाही. मग डॉक्टर म्हणाले, बरं. पुन्हा पंखा. कागदावर पेन्सिल. बाईंनी विचारलं, आणि छत? पंखा. हो का, बुटकंच म्हणजे, बाई म्हणाल्या. मग बराच वेळ पंखा, आणि त्यात मध्येच धाकटा हसला.

त्याचं हसणं मी ओळखलं नाही आधी. कंपनी सोडल्यापासून तो हसलेला नव्हता.

'ती वळली का?' त्यानं विचारलं. पंखा. 'बरं. पुढच्या वेळी.'

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. पण घाबरले म्हणाल तर नाही. माझा संताप संताप झाला. कुणीतरी माझ्या टेबलावर बसून माझं भुयार चालवत होतं. आणि माझ्यापेक्षा बरं चालवत होतं.

६

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. दारावर थाप न मारता धाकट्याची खोली उघडली.

तो पश्चिमेच्या भिंतीपाशी उभा होता, भिंतीला कान लावून. एक हात भिंतीवर पसरलेला, डोळे मिटलेले. मला बघून तो बाजूला झाला, घाईनं नाही. तो जिथे टेकला होता तिथे भिंतीचा रंग काळपट, तेलकट झाला होता. रोज त्याच जागी डोकं टेकलं की उशीचा अभ्रा होतो तसा. एका दिवसात होत नाही तसं. महिने लागतात.

आमचं घर तळमजल्यावर आहे आणि ती बाहेरची भिंत आहे. मी चपला घालून इमारतीला वळसा मारून गेले. बाहेर अरुंद बोळ, सांडपाण्याचा पाइप, शेवाळलेला गिलावा. मी गिलाव्यावर मुठीनं ठोकून पाहिलं. परत येऊन खिडकीपाशी टेपनं भिंतीची जाडी मोजली. भिंत भिंतीएवढीच जाड. तिच्यात खोली सोडा, कपाट मावणार नाही. हे माझं कामच आहे, यात मला कुणी शिकवायला नको.

मग मी धाकट्याला विचारलं, पलीकडे कोण बोलतं?

'तूच असतेस, ताई. फक्त ओरडत नाहीस.'

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवतंय आणि त्यातलं काहीही मी मागे घेणार नाही. त्याच्यासाठी मी काय नाही केलं? स्वयंपाक, औषधं, त्याच्या त्या मॅनेजरशी भांडण, आठवड्याचा एकुलता एक सुट्टीचा दिवस या खेळात. आणि हा भिंतीशी बोलणार. तो कानांवर हात ठेवून पलंगावर बसून राहिला. मी एकटीनं लोखंडी कपाट ओढत त्या भिंतीशी नेऊन लावलं. असा कर्कश आवाज झाला की वरून बाईंनी काय पडलं म्हणून विचारलं. फरशीवर चार ओरखडे उठले. उठू देत, म्हटलं.

त्या आठवड्यात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रविवारी मात्र दाढी करून आला.

७

मी आडोसा उभा केला आणि बसायच्या आत सांगून टाकलं. पहारेकऱ्यांच्या खोलीपलीकडचं छत कोसळलंय. दगडमाती. तिकडे वाट नाही, विषय संपला.

बाई म्हणाल्या, अगं, पण तुझाच नियम आहे ना, पक्का झालेला नकाशा तू बदलू शकत नाहीस. मी म्हटलं, भुयार माझं आहे. डॉक्टर पेन्सिलशी चाळा करत बसले. मग धाकटा बोलला. त्याला मी इतकं ठाम बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

'काडी त्या खोलीत जातो.'

'जाता येत नाही.'

'दार उघडं आहे,' तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला, त्याच्या खोलीकडे जाणाऱ्या पॅसेजकडे बघून.

मी तोंड उघडलं होतं ते मिटलं. नुसतं मिटलं नाही, तळहात ओठांवर गच्च दाबून धरला. म्हटलं, आता बघू.

तिघंही त्या पॅसेजकडे बघत होते. गोष्ट ऐकताना लहान मुलांची होतात तशी त्यांची तोंडं झाली होती, सैल आणि समाधानी. बाईंनी मान डोलावली. डॉक्टरांची पेन्सिल चालू लागली. हॉलमध्ये पंख्याशिवाय काही आवाज नव्हता, मी जिवाचा कान करून ऐकत होते, काही नव्हतं. मी मान वळवली. पॅसेज रिकामा, त्याच्या टोकाशी धाकट्याच्या खोलीचं दार, अर्धं उघडं.

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो हसत होता.

'आत गेलो,' तो म्हणाला. 'दार लावून घेतो.'

मग तो उठला, आलोच म्हणाला, आणि पॅसेजमधून आपल्या खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज मला आला. तो तरी आला.

मी अजून तोंडावर हात धरून होते. बाई माझ्याकडे वळल्या, काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि त्यांचा रंग उतरला. 'तू... मग आत्ता कोण?' त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नकाशाकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांनी एका बाकड्यावर शेजारी शेजारी दोन माणसं काढली होती. एक आपली नेहमीची काडीची खूण. दुसरी काय आहे ते त्यांना सांगता येईना.

त्यांचा हात खोडरबराकडे गेला. आडोसा अजून उभाच होता, चूक दाखवायची वेळ गेली नव्हती, खोडायला नियमाची हरकत नव्हती. मी त्यांच्या मनगटावर फटका मारला.

'तो आत आहे,' मी म्हटलं.

८

खोलीत कुणी नव्हतं. पलंगाखाली नाही, खिडकीला गज. त्याच्या चपला दाराशी नीट जोडीनं. लोखंडी कपाट परत आपल्या जुन्या जागी उभं होतं. फरशीवर मी केलेले चार ओरखडे होते, पाचवा नव्हता. ते कपाट हलवलं तर वरच्या मजल्यावर कळतं, आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायला आली होती, खोलीत अंधुक होतं. म्हणून ते दिसलं. पश्चिमेची भिंत जिथे फरशीला मिळते, तिथे उजेडाची एक बारीक रेघ होती, पिवळी, मशालीसारखी हलणारी. दाराखालून दिसते तशी. ती चार ठिकाणी तुटलेली होती. बाकड्यावर बसलेल्या दोन माणसांचे पाय.

मी त्या तेलकट डागावर कान ठेवला. भिंत उबदार होती.

माझाच आवाज होता. माझे शब्द, माझी वाक्यं, शेवटी जरा उतरणारा सूर, सगळं माझं. फक्त त्याला कशाची घाई नव्हती.

'डावीकडे एक दार आहे,' तो आवाज म्हणाला. 'ते परत तुझ्या खोलीत उघडतं. कुलूप नाही, सापळा नाही. काय करतोस?'

अगदी नियमाला धरून. काही लपवलं नाही, काही लादलं नाही. चांगला खेळ चालवणारा असंच सांगतो.

'नको, ताई,' धाकटा म्हणाला. 'इथं बरं आहे.'

ताई मी आहे. मी भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या आणि ओरडले, ताई मी आहे, मी आहे तुझी ताई, बाहेर ये, ऐकतोस का, आत्ताच्या आत्ता बाहेर ये. पलीकडे कुजबुज थांबली. पाय हलले. मग कडी सरकवल्याचा आवाज आला, आणि रेघ गेली.

त्यानंतर मी टेबलाशी येऊन बसलेय ती अजून बसलेय. आडोसा उभा आहे. तो मिटला तर धाकटा त्या खोलीत कायमचा पक्का, आणि नकाशावर ती खोडली तर तिच्याबरोबर तोही जाईल. तेव्हा दोन्ही करायचं नाही. डॉक्टरांनी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलंय. बाई रडून झाल्यात. कुणीही उठायचं नाही असं मी बजावलंय, आणि माझं ऐकतात सगळे, घाबरून का होईना. खेळ अजून चालू आहे, आणि चालवणारी मी आहे, ती नाही. त्या भिंतीला एक दार मलाही सांगता येतं. फक्त त्याला पटेल असं सांगायला हवं, त्या दुसरीसारखं.

म्हणून मी घसा साफ करते. दात सैल सोडते. पॅसेजकडे तोंड करून, जमेल तितक्या हळू सांगते, की खोलीच्या पूर्वेला एक दार आहे, पलीकडे उजेड आहे, चहा आहे, आणि कुणी काही विचारणार नाही. मग थांबते. पंखा फिरतोय. डॉक्टरांनी पेन्सिल उचललेली आहे, पण ती कागदाला टेकत नाही. ते बाईंकडे बघतात, बाई मान हलवतात.

'मॅडम,' डॉक्टर म्हणतात, 'ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं सांगा.'